गोजरबाईंचा तांब्या

भानुमती सेलूकर या बाईला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं येऊन सांगावं, त्याला चहा पाजू. जेवता जेवता उठून ती गॅसची शेगडी पुसायची, टीव्हीसमोर बसली की मांडीवर लसूण सोलायला घ्यायची, आणि लग्नात पहिल्या पंगतीला आग्रहानं बसवलं तर दोन घास खाऊन वाढायला उभी राहायची ती शेवटची पंगत उठेपर्यंत. वय सत्तेचाळीस. ज्योतीनगरात स्वतःचं घर, दारात मोगऱ्याच्या कुंड्या, नवरा मधुसूदन पाटबंधारे खात्यात, एकुलती एक मुलगी चारुता पुण्यात नोकरीला. सगळं कसं दृष्ट लागावी असं ठाकठीक, आणि हिच्या पायाला मात्र भिंगरी.

त्या घरातला माळा पाहण्यासारखा होता. तिथं बाजाची पेटी होती, जर्मन भाषेची पुस्तकं होती, मोडी लिपीच्या वर्गातले बोरू होते, होमिओपॅथीच्या औषधांची लाकडी पेटी होती आणि केक करायचा एक ओव्हन होता. प्रत्येक वस्तू मोठ्या हौसेनं घरात आलेली आणि काही महिन्यांनी शिडीवरून वर गेलेली. मधुसूदन त्या माळ्याला 'भानूचं विद्यापीठ' म्हणायचा. नवरा म्हणून माणूस वाईट नव्हता, पण थट्टा केल्याशिवाय त्याला सकाळचा चहा पचत नसे.

एक गोष्ट मात्र त्या माळ्यावर नव्हती, कारण ती कधी घरात आलीच नव्हती. एकवीस वर्षांची असताना, बी.ए. झाल्या झाल्या, भानुमतीनं परभणीला वडिलांसमोर समाजकार्याच्या कॉलेजचं माहितीपत्रक ठेवलं होतं. एमएसडब्ल्यू करायचं म्हणाली. वडील कोर्टात कारकून. त्यांनी चष्मा काढून पत्रक वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "लोकांच्या दारोदार हिंडायला पदवी कशाला लागते? आणि कुणाकुणाच्या घरी जाऊन बसणार तू? तिथलं पाणी तरी उतरेल का तुझ्या घशाखाली?" त्याच वर्षी मधुसूदनचं स्थळ आलं, आणि विषय मिटला. म्हणजे लोकांच्या लेखी मिटला. हिच्या आत तो ठसठसत राहिला आणि पेटी, जर्मन, मोडी, केक असल्या वाटांनी बाहेर पडत राहिला.

मग आलं दोन हजार एकोणीस. शहराचं नाव तेव्हा पाट्यांवर औरंगाबादच होतं. पावसानं सलग पाठ फिरवली होती आणि चांगल्या चांगल्या वसाहतींत नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येत होतं. मधुसूदन सकाळी पेपर उघडायच्या आधीच बातमी सांगायचा, कारण ती त्याच्याच खात्यातून आलेली असायची. "नाथसागर मृतसाठ्यात गेला," तो बशीत चहा ओतत म्हणायचा, जणू शेजारचे कुणी नानासाहेब वारले. आणि तिकडं शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. बीड बायपासला, चिकलठाण्याच्या पुढं, जिथं काल ज्वारीची धसकटं होती तिथं आज सात मजले उभे. खेड्यांतून माणसं येत होती ती त्या सात मजल्यांच्या पायाशी पत्रे ठोकून राहत होती.

त्याच पेपरात एके दिवशी भानुमतीला जाहिरात दिसली. समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि खाली बारीक अक्षरांत, 'वयाची अट नाही'. तिनं ती कापून फ्रीजवर चिकटवली. मधुसूदननं ती वाचली, बायकोकडं पाहिलं, मग माळ्याकडं पाहिलं.

"काही म्हणायचंय का?" तिनं विचारलं.

"नाही बुवा. ओव्हनशेजारी जागा आहे का, तेवढं बघत होतो."

"ह्या वेळेस तसं होणार नाही," भानुमती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातला पोळपाट ओट्यावर आदळला. तिच्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, की हे जर सुटलं तर आपण आयुष्यात काहीच धरून ठेवलं नाही असं होईल, आणि हे म्हणणारे लोक खरे ठरतील.

प्रवेश परीक्षा तिनं चारुताच्या वयाच्या पोरापोरींत बसून दिली आणि पास झाली. उरली मुलाखत, ती जुलैमध्ये. कॉलेजातल्या एका मॅडमनी फोनवर सरळ सांगितलं, "मला समाजासाठी काहीतरी करायचंय, एवढंच म्हणालात तर समोरचे हसतील. तोवर एखाद्या वस्तीत जात राहा. तिथं काय झालं ते विचारणार ते."

म्हणून भानुमती औरंगपुऱ्यात देवेशकडं गेली. स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून गेलं की एका खोलीत त्याची संस्था होती. पोरगा तिशीचा, स्वतः एमएसडब्ल्यू केलेला, चेहऱ्यावर कायम अपुरी झोप. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, चिकलठाण्याच्या पुढं खदानीची वस्ती आहे. पाण्याचा वांधा लई. टँकर कधी येतो, कधी येत नाही. बायांची कमिटी बसली, सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, तर टँकरचा वार तरी ठरेल. गोजरबाई म्हणून आहेत, त्यांच्या ओट्यावर दर गुरुवारी बाया जमतात. तुम्ही जा."

"जाऊन करू काय?"

"काही करू नका. बसा."

बसा म्हणे. भानुमतीला कुणी गच्चीवरून उडी मार म्हटलं असतं तर ते तिला सोपं वाटलं असतं.

जुन्या दगडाच्या खाणीच्या काठानं पत्र्याची घरं, मधून वाहणारं मोरीचं पाणी, आणि अगदी लगत एका नव्या इमारतीचा सांगाडा. त्याच्या खांबांना गुंडाळलेली गोणपाटं ओलीचिंब, कारण काँक्रीटला पाणी पाजावं लागतं. ते पाजायचं काम गोजरबाईच करायच्या. दिवसभर हातात रबरी पाइप धरून त्या स्लॅब भिजवत आणि संध्याकाळी घरी येऊन निळ्या ड्रमचं झाकण उघडून किती उरलं ते बघत. बाई पन्नाशीची, अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. पिशोरकडच्या एका खेड्यातून चार वर्षांपूर्वी लेकासुनेबरोबर आलेली. गुरुवारी दुपारची सुट्टी मागून घेऊन त्यांनी ओटा झाडून, सतरंजी टाकून ठेवली होती.

"या ताई, बसा," गोजरबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र घेऊन बाहेर आल्या. दारात आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं. हे काय सांगायला लागतं का कुणाला.

"पानी घ्या."

"अहो नको नको, पाणी नको," भानुमती घाईघाईनं म्हणाली. "तुमचेच एवढे हाल चाललेत, तुमचं पाणी मी कशाला पिऊ? मी आणलंय ना माझं." आणि तिनं पिशवीतून चारुतानं दिलेली पोपटी बाटली काढली, बूच फिरवलं आणि वरून घोट घेतला.

गोजरबाई तांब्या धरून क्षणभर उभ्या राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. पाणी ड्रममध्ये परत ओतल्याचा आवाज बाहेर आला. भानुमतीला त्या आवाजानं फार बरं वाटलं. एक तांब्या वाचला.

त्या दिवशी ती अजून चार-पाच घरं हिंडली. प्रत्येक घरी तांब्या आला, प्रत्येक घरी तिनं हात जोडून नको म्हटलं, प्रत्येक घरी पोपटी बाटली निघाली. संध्याकाळी जेवताना तिचं तेच चाललं होतं. "एका घोटाचाही भार टाकला नाही मी त्यांच्यावर."

"तू आमच्या खात्यात यायला पाहिजे होतीस," मधुसूदन म्हणाला. "धरणं भरली असती."

तुम्ही एव्हाना कपाळाला हात लावला असेल. लावा. पण त्या दोघांच्या ध्यानीमनी काही नव्हतं. सेलूकरांच्या घरात गेल्या दोन पिढ्यांत कुणाला कुणी पाण्यासाठी लांब उभं केलं नव्हतं असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला आपल्या हातून काय घडलं ते लवकर कळत नाही.

दुसऱ्या गुरुवारी गोजरबाईंनी शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. बाया सतरंजीवर, भानुमती खुर्चीवर, मध्ये हातभर जागा. तिला वाटलं, मान देतायत. तांब्या आला नाही. तिला वाटलं, माझं ऐकलं, पाणी वाचवायला लागल्या. पहिल्या दिवशी 'ताई' म्हणणाऱ्या गोजरबाई आता 'म्याडम' म्हणत होत्या, तोही तिला मानच वाटला. बोलणं मात्र पुढं सरकेना. टँकरचं विचारलं की "येतो कवा कवा," अर्जाचं विचारलं की "बघू." पुढच्या गुरुवारी ओट्यावर निम्म्याच बाया. त्याच्या पुढच्या गुरुवारी गोजरबाई आणि पलीकडच्या भामाबाई, एवढ्याच. भामाबाईही नात रडती म्हणून मधेच उठून गेल्या.

आता हिची तगमग सुरू झाली. स्वस्थ बसायचं तर हिच्या रक्तातच नाही. तिनं पाणी बचतीचे रंगीत तक्ते करून नेले. बायांसाठी तिळाच्या वड्या करून नेल्या. त्या घेतल्या गेल्या, खाल्ल्या कुणी हे काही तिला दिसलं नाही. एकदा तर तिनं सगळ्यांनी मिळून गाणं म्हणू या असंही सुचवलं, तेव्हा गोजरबाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं आणि दुसरीकडं पाहिलं. देवेशला फोन केला की तो म्हणायचा, "काकू, बसा हो नुसतं." रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची, दुधावर लक्ष नसायचं, दोनदा उतू गेलं.

"त्या लोकांना कदरच नाही," एके दिवशी ती भडकलीच. "भर उन्हात मी जाते, माझं काय अडलंय? बोलत नाहीत, बसत नाहीत, येत नाहीत. काय बिघडवलंय मी यांचं?"

मधुसूदनचे डोळे माळ्याकडं गेले. ते तिनं पाहिलं. तेवढ्यात चारुताचा फोन आला आणि तीही म्हणाली, "आई, नसेल जमत तर सोड ना. तू एवढी का मागं लागलीयेस?" भानुमती बेसिनशी उभी राहून रडली. नळ उघडून आवाज लपवावा म्हटलं तर नळाला पाणी नव्हतं.

अर्ज मात्र द्यायचाच होता. देवेशनं तो टाइप करून दिला होता, आणि वॉर्ड ऑफिस ज्योतीनगरहून जवळ. म्हणून भानुमतीनं गोजरबाईंना निरोप दिला, आधी माझ्या घरी या, तिथून दोघी रिक्षानं जाऊ. गोजरबाई आल्या त्या भर बारा वाजता, डोक्यावर पदर ओढून, अर्धी वाट चालत. घामानं कपाळावरचं कुंकू खाली उतरलं होतं. भानुमतीनं पंखा लावला, त्यांना सोफ्यावर बसवलं आणि धावत जाऊन माठातल्या गार पाण्याचा ग्लास भरून आणला. वाळ्याचं पाणी होतं, खास.

"घ्या गोजरबाई, आधी पाणी घ्या."

गोजरबाईंनी ग्लासाकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "नको. तुमच्याकडं बी टंचाईच हाये की. तुमचं पानी म्या कशाला पेऊ. म्या आनलंय माझं." आणि त्यांनी कापडी पिशवीतून थंड पेयाची जुनी बाटली काढली, बूच फिरवलं आणि वरून, ओठ न लावता, दोन घोट घेतले. पाणी कोमट असणार. बाटलीचं प्लास्टिक उन्हानं मऊ पडलं होतं.

भानुमती ग्लास धरून उभी राहिली. पहिल्यांदा तिला वाटलं, ही बाई किती समजूतदार. आणि दुसऱ्याच क्षणी हातातला ग्लास जड झाला. आपल्या घरी आलेली, उन्हातून आलेली, तहानलेली बाई आपलं पाणी नको म्हणते, म्हणजे आपण हिच्या लेखी कोण? मग तिला गोजरबाईंचा ओटा आठवला, आणि ड्रममध्ये परत ओतलेल्या पाण्याचा तो आवाज.

"गोजरबाई," ती म्हणाली, "अहो मी ते तुमचं पाणी वाचावं म्हणून..."

"असंल," गोजरबाई म्हणाल्या. "पन आमाला जे दिसलं ते दिसलं. माझी आय गावच्या हिरीवर चढत नव्हती. काठाखाली घागर ठिवून उभी ऱ्हायाची. कुनाला दया आली तं वरून वाढायचे. तहान लागली तं वंजळ धरायची, वरून पानी पडायचं, निम्मं लुगड्यावर. म्या तिच्या बाजूला उभी ऱ्हायाची, म्हनून मला ठाऊक." त्यांनी बूच घट्ट लावलं. "आजवर ज्या ज्या बायांनी आमच्या घरचं पानी नाय घेतलं ना म्याडम, त्यायनी समद्यायनी कारन चांगलंच सांगितलं. कुनाचा उपास होता. कुनाला सर्दी होती. तुमी टंचाईचं सांगितलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. राग असता तर भानुमतीला सोपं गेलं असतं, रागावर माफी तरी मागता आली असती. रिक्षात दोघी शेजारी बसल्या. वॉर्ड ऑफिसातल्या माणसानं अर्ज वाचला आणि वस्तीतल्या आणखी बायांच्या सह्या आणा म्हणाला. आणखी बायांच्या. भानुमतीनं मान हलवली.

त्यानंतरचे दिवस तिचे फार वाईट गेले. मी वाचवतच होते, मी वाचवतच होते, असं ती मनाशी घोकत राहिली. आणि मग भांडी लावताना, केर काढताना, वडिलांचा आवाज मधेच यायचा. तिथलं पाणी तरी उतरेल का तुझ्या घशाखाली. त्या आवाजाचा तिनं आयुष्यभर राग केला होता. आता तिला प्रश्न पडला की पोपटी बाटली भरताना फक्त टंचाईच मनात होती का? टँकरचं पाणी, पोट बिघडेल, हेही होतं. आणि त्याच्याही खाली काही होतं का? ती प्रामाणिकपणे शोधू गेली आणि तिला नक्की सांगता येईना. नाही असं छातीठोक म्हणता येईना, याची तिला भयंकर लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी बाटली घरी ठेवून ती गेली. खुर्ची बाजूला सारून सतरंजीच्या कडेला बसली. गोजरबाई, भामाबाई आणि आणखी दोघी होत्या. थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "गोजरबाई, मला पाणी द्याल का?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. गोजरबाईंनी खाली पाहिलं. "टँकर आला नाय," त्या म्हणाल्या. "ड्रमात तळ हाये. लेकरायला लागतं."

खरं असेल, नसेलही. विचारायची सोय नव्हती. भानुमती घसा कोरडा ठेवून तासभर बसली आणि तशीच घरी आली. आली की माठाशी उभी राहून तीन ग्लास पाणी प्यायली, आणि तिसऱ्या ग्लासाला तिला हुंदका आला.

मुलाखत जवळ आली तशी तिच्या डोक्यात एक गोष्ट आकार घ्यायला लागली. हेच सांगायचं. माझी चूक, गोजरबाईंची बाटली, त्यांची आई, आणि मला आलेली जाण. तिनं मधुसूदनसमोर म्हणून दाखवलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज हळू करायचा, सगळं बसवलं होतं. मधुसूदननं या वेळी थट्टा केली नाही. चष्मा पुसत म्हणाला, "फक्कड आहे भानू. हेच सांग. डोळ्यांत पाणी आणशील त्यांच्या."

फक्कड हा शब्द भानुमतीला खटकला. कुणाच्या आईची ओंजळ, आणि आपण त्यावर सीट मिळवणार. पण दुसरं सांगण्यासारखं होतंच काय तिच्याकडं? दोन दिवस ती या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिली, आणि मुलाखतीला जाताना रिक्षात बसेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

तिघं जण समोर होते. मधल्या सरांनी विचारलं, "वस्तीत जात होतात म्हणता. काय केलंत तिथं?"

भानुमतीनं तोंड उघडलं आणि बसवलेलं सगळं तिथंच राहिलं. "काही नाही झालं सर," ती म्हणाली. "एका बाईंनी पहिल्या दिवशी मला पाणी दिलं, ते मी घेतलं नाही. आता मी मागते, तर त्या देत नाहीत. अजून तिथंच आहे मी."

"मग शिकलात काय यातून?"

"ते पाणी मिळालं की सांगता येईल. आत्ता सांगितलं तर खोटं होईल."

सरांनी शेजारच्या बाईंकडं पाहिलं. "ठीक आहे, या," म्हणाले. भानुमतीला कळलं की गेलं. पहिल्या यादीत नाव नव्हतंच. चारुता फोनवर म्हणाली, "जाऊ दे आई," आणि मधुसूदननं, बिचाऱ्यानं, त्या दिवशी माळ्याकडं मुद्दाम पाहिलं नाही. फ्रीजवरचं कात्रण मात्र कुणीतरी काढून खणात ठेवलं होतं.

दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुमचा जीव त्यातच अडकून राहायचा. पण ती यादी लागली पुढच्या आठवड्यात. त्या गुरुवारी तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्या गुरुवारी तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि खदानीच्या वस्तीत जायचं तिला काही कारणही उरलं नव्हतं. घरात बसवेना. दुपारी तिनं चपला घातल्या.

"कुठं?" मधुसूदननं विचारलं.

"गुरुवार आहे ना."

जुलै निम्मा सरला होता तरी आभाळ कोरडं ठाक. बसथांब्यापासून खाणीच्या काठाकाठानं ती चालत गेली. गोजरबाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या, पायांवर सिमेंटचे डाग. सतरंजी अजून आतच होती. हिला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आता कशापायी आल्या? तुमची ती परीक्षा झाली म्हने. देवेशदादा सांगत व्हते."

"झाली. नाव नाही लागलं."

"मग?"

"मग काही नाही," भानुमती म्हणाली. "घरी बसवेना. मला फार तहान लागलीय गोजरबाई."

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. ड्रमचं झाकण वाजलं. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात तोच तांब्या होता. तो बघितला आणि भानुमतीला भरून आलं. काय करावं ते तिला सुचेना, आणि न सुचताच ती ओट्याच्या दोन पायऱ्यांखालीच उभी राहिली, वाकली, आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ वर धरली. त्या क्षणी ते तिला योग्यच वाटलं. गोजरबाईंची आई उभी राहायची तसं आपण उभं राहावं, एवढंच तिच्या मनात होतं.

गोजरबाईंचा हात थांबला. चेहरा असा कडक झाला की आता तांब्या परत आत जाणार असं भानुमतीला वाटलं.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "आन वर या. आमच्या घरी कुनाला वरून पानी वाढत नसतेत."

भानुमतीनं हात खाली घेतले. ती वर आली आणि ओट्यावर बसली. गोजरबाईंनी फुलपात्र सुलटं केलं, काठोकाठ भरलं आणि तिच्या हातात दिलं, बोटांना बोटं लागली. पाणी कोमट होतं, टँकरचं, औषधाचा उग्र वास येत होता. भानुमती फुलपात्राला ओठ लावून ते सगळं सावकाश प्यायली. गोजरबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा भरलं, आणि तिनं तेही घेतलं.

"फुडच्या गुरवारी येनार का?" गोजरबाईंनी विचारलं.

"येणार."

"नाव नाय लागलं तरी?"

"तरी."

गोजरबाईंनी उरलेलं पाणी स्वतःच्या तोंडात ओतलं, तांब्या पालथा घातला आणि आतल्या दोरीकडं बोट केलं.

"तं मग ती सतरंजी आना ताई, आन नीट झटका. बाया यायला लागतील."